लोकर, घरसंसार आणि घरातील मुकी मंडळी

गरम पाण्यात धुतलेला लोकरीचा स्वेटर आटून लहान मुलाच्या अंगाचा होतो, हा अनुभव बहुतेक घरांतून केव्हा ना केव्हा आलेला असतो. गृहिणी त्यास नुकसान म्हणते, व ते नुकसान असतेही. परंतु त्या आटलेल्या वस्त्राचा तुकडा कात्रीने कापून पाहिला तर एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. कापलेल्या कडेचा एकही धागा सुटत नाही. विणीचे टाके मुळी ओळखूच येत नाहीत. सर्व तंतू एकमेकांत गुंतून त्यांचे एकजीव, जाडसर कापड झालेले असते. चुकून झालेले हे कापड हेतुपुरस्सर तयार केले म्हणजे त्यास नमदा म्हणतात. जुन्या मराठीत अशाच जमवलेल्या जाड लोकरी वस्त्रास बुरणूस हा शब्द होता. पेटीच्या पट्ट्यांखाली आवाज न व्हावा म्हणून जी मऊ पट्टी बसविलेली असते, तीही याच जातीची. हल्ली शहरांतील कित्येक घरांत नमद्याची आसने, पिशव्या, खेळणी हाताने करण्याचा छंद रुजू लागला आहे, आणि त्याबरोबर एक व्यावहारिक प्रश्नही उभा राहिला आहे. स्वयंपाक, मुले, म्हातारी माणसे, शिवाय एखादे मांजर वा कुत्रे, एवढ्या सर्वांच्या धबडग्यात हे काम बसवावयाचे कसे?

प्रथम लोकर जमते कशी ते पाहणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व व्यवहार त्यावर अवलंबून आहे. मेंढीच्या लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर माशाच्या खवल्यांसारखे खवले दिसतात. त्या सर्वांची टोके एकाच दिशेस, म्हणजे तंतूच्या शेंड्याकडे असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेस सहज सरकतो, उलट दिशेस मात्र अडतो. ओल, ऊब व साबणाचा बुळबुळीतपणा यांच्या साह्याने लोकर चोळली म्हणजे प्रत्येक तंतू पुढे सरकतो आणि मागे फिरू शकत नाही. असे हजारो तंतू एकमेकांत शिरले की ते पुन्हा सुटे करणे कोणाच्याही हातचे राहत नाही. विणकराचा माग नको, सूत नको, गाठ नको. मानवास वस्त्र करण्याची जी फार पुरातन युक्ती साधली ती हीच असावी असे पुष्कळांचे मत आहे. अल्ताय पर्वतातील पाझिरिक येथील थडग्यांतून सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे नमदे निघाले. बर्फात गोठून राहिल्यामुळे त्यांचे रंगदेखील टिकले. त्यांतील नमद्याचे हंस आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहेत.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. अमरावती व अकोला ही नावे घेतली की सरकीचे ढीग आणि जिनिंगचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. अकोट व बाळापूर येथील सुती सत्रंज्यांचा लौकिकही जुना आहे. येथील माणसास तंतूची पारख शिकविण्याची गरज नाही. परंतु कापूस कधी जमत नाही. कापसाचा तंतू म्हणजे पिळलेली चपटी फीत. त्यावर खवले नाहीत. म्हणून पिंजाऱ्याने कितीही सुरेख पिंजला तरी गादीतील कापूस जागचा हलू नये यासाठी त्यास टाके घालावेच लागतात. पिंजण्याची कमान मात्र दोघांसही चालते. त्या कमानीची तात जनावराच्या आतड्याची असे. तिच्या कंपनाने कापूस फुलतो तशीच लोकरही फुलते. नमद्याच्या कामात हे फुलविणे निम्म्याहून अधिक महत्त्वाचे आहे. लोकरीचा थर जेथे विरळ राहील तेथे नमद्यास भोक पडणार, हे ठरलेलेच.

लोकर आणावयाची कोठून? येथे वऱ्हाडास परकेपणा वाटण्याचे कारण नाही. धनगर समाज या प्रांतात सर्वत्र आहे. सुगीनंतर रिकाम्या झालेल्या वावरांतून मेंढ्यांचे कळप बसविण्याची चाल आजही दिसते. शेतकऱ्यास लेंडीखत मिळते आणि मेंढपाळास धान्य वा पैसा. कच्छ-काठेवाडाकडून आलेले रबारीही उंटांवर बिऱ्हाड लादून विदर्भात हिंडताना आढळतात. या मेंढपाळांच्या वाड्याकडे शहरी माणसाने एकदा नीट पाहावे. लोकर, मुले व जनावरे यांचा संसार एकत्र कसा चालतो याचा धडा तेथे उघड्यावर मांडलेला असतो. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावरच कोंबड्या आणि कधी लहान मूल. नुकती जन्मलेली कोकरे टोपलीखाली झाकलेली. कुत्रे वाड्याच्या कडेस राखणीवर. मेंढ्यांमागून चालता चालता माणसाच्या हातातील चातीवर लोकरीचे सूत निघत असते. त्यांच्याकडे कामाची वेळ आणि घराची वेळ अशी वाटणी नाही. पण प्रत्येक प्राण्याची जागा ठरलेली आहे, आणि ती जागा कोणी मोडत नाही.

या मेंढपाळाच्या लोकरीची आजची अवस्था मात्र शोचनीय आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाड, रंगाने बहुधा काळी वा करडी, मधून मधून केसाळ. घोंगडीसाठी ती उत्तम, अंगालगतच्या कपड्यासाठी नव्हे. घोंगडीची मागणी घटली, गिरणीच्या कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे स्वस्त झाली, आणि वर्षातून दोनदा करावयाच्या कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक पडू लागली. परिणामी पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर तशीच टाकून देण्यात येते. त्याच वेळी शहरातील हौशी मंडळी परदेशी मेरिनो लोकरीच्या रंगीत गुंड्या किलोमागे हजारो रुपये देऊन टपालाने मागवितात. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा बारीक असतो. तो झटपट जमतो यात शंका नाही. नाजूक फुले वा शाल करावयाची असेल तर तोच घ्यावा. परंतु बसावयाचे आसन, पायपुसणे, गरम भांड्याखालची चकती किंवा मांजराची गादी यासाठी वावरात टाकून दिलेली काळी लोकर अधिक टिकाऊ ठरते. तीस जमावयास वेळ लागतो एवढेच. बकरीचे केस मात्र कोणी त्यात मिसळू नयेत. ते गुळगुळीत असतात आणि तयार नमद्यातून टोचत बाहेर येतात. ते दोरासाठीच योग्य.

कच्ची लोकर घरात आणताना दोन गोष्टी सांभाळाव्या. ती जिवंत, निरोगी मेंढीची कातरलेली असावी. अज्ञात रोगाने मेलेल्या जनावराची लोकर घेऊ नये, कारण काळपुळीचे जंतू लोकरीत वर्षानुवर्षे टिकतात. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे एकोणिसाव्या शतकात लोकर निवडणाऱ्या मजुरांत हा रोग इतका पसरला की त्यास त्यांच्या धंद्याचेच नाव मिळाले. दुसरी गोष्ट, पहिली झटकणी व निवडणी घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, नाकास फडके बांधून करावी. गोखरू, कुसळे, लेंड्या आणि गोचिडी या सर्वांचा वास लोकरीत असतो, आणि गोचिडीस घरच्या कुत्र्याचा पत्ता सापडण्यास उशीर लागत नाही.

धुण्याच्या बाबतीत वऱ्हाडाची एक अडचण खास आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट व जड. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही. साबण व पाण्यातील चुना मिळून एक चिकट साका तयार होतो आणि तो लोकरीस चिकटून तंतूंचे सरकणे थांबवितो. या ठिकाणी आजीबाईचे रिठे कामास येतात. रिठ्यातील फेसाळ द्रव्य जड पाण्यातही साका धरीत नाही. रिठे रात्री भिजत घालावे, सकाळी उकळून, कुस्करून, गाळून घ्यावे. पहिल्या धुण्यात लोकर चोळू नये, नुसती बुडवून ठेवावी व उचलून निथळावी. चोळली तर ती तेथेच जमेल. दख्खनी लोकरीत मेण थोडे व माती फार, म्हणून दोन पाण्यांत ती बहुधा स्वच्छ होते. नळास रोज पाणी न येणाऱ्या घरात हे पाणीही वाया दवडू नये. मेंढीच्या घामात पोटॅशचा अंश बराच असतो, तेव्हा ते झाडांच्या आळ्यात ओतावे. मात्र घरात माशांचा हौद वा काचेची पेटी असेल तर रिठ्याचे पाणी तिच्या आसपासही जाऊ देऊ नये. ते माशांच्या कल्ल्यांस विषासारखे बाधते. काही वन्य जमाती मासे धरण्यास असल्याच फळांचा उपयोग करीत आल्या आहेत. कुत्र्याने ते चाटले तर ओकाऱ्या होतात.

आता वेळेचा हिशेब. दोन फूट चौरस आसनास सुमारे अर्धा किलो लोकर लागते. तयार होताना लोकर आटते, म्हणून प्रथम थर जवळजवळ तीन फुटांचा मांडावा लागतो. विंचरणे व फुलविणे यांस दोन-तीन तास, थर मांडण्यास एक तास, आणि चटईत गुंडाळून लाटण्यास दोन तास. पुढे एक दिवस वाळवणीचा. मिळून सहा तासांचे काम झाले. हे सलग सहा तास संसारी घरात कोणास मिळत नाहीत, आणि ते मिळावेत अशी अपेक्षा ठेवणारी गृहिणी लवकरच छंद सोडून देते. सुदैवाने हे काम तुकडे पाडून करता येते. विंचरण्याचे काम कोठेही थांबते. भाजी निवडावी तशी लोकर गप्पा मारता मारता निवडता येते. थर मांडणे मात्र एका बैठकीचे, आणि ते मुले शाळेत व पंखा बंद असतानाच करावे. लाटण्याचे काम तर एकट्याने करूच नये. मध्य आशियात गुंडाळलेला नमदा घोड्यामागे बांधून ओढतात. काश्मिरात तो पायांनी लाटतात. अमरावतीच्या घरात घोडा नसला तरी शाळेतून आलेली दोन मुले असतात, आणि त्यांस चटईवर नाचावयास सांगितले तर ती कामाची तक्रार करीत नाहीत. ओला गुंडा रात्रभर ठेवण्यास हरकत नाही. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवला तर आंबूस वास सुटतो आणि पावसाळ्यात वाळणीचे हाल होतात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ या कामास सर्वांत सोयीचा.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अशा कामास घरात फावल्या वेळचे काम म्हणण्याची रीत आहे. ज्या बाईस फावला वेळ मुळी नसतो तिच्याच कामास हे नाव मिळते, यातील विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही. आसन विकावयाचे ठरले की लोकर व रिठे यांची किंमत धरली जाते, सहा तास धरले जात नाहीत. ते धरण्याची सवय घरातील जमाखर्चाच्या वहीपासून लागली तरच पुढे बाजारात ती किंमत मागण्याचे धैर्य येते. आणि सहा तास मोजले गेले म्हणजे त्या तासांतील चहा दुसऱ्या कोणी करावा, हेही ओघानेच आले.

मांजराचा प्रश्न सर्वांत नाजूक. लोकरीचा वास मांजरास प्रिय असतो. काही मांजरे, विशेषतः सयामी जातीची, आईचे दूध लवकर तुटलेली पिल्ले असल्याप्रमाणे लोकर चोखत बसतात आणि चोखता चोखता गिळतात. तोंडभर लोकर पोटात गेली तर कधी उलटून पडते, परंतु लांब धागा गेला तर तो आतड्यांस दोरीसारखा आवळतो व जीव धोक्यात येतो. मांजराच्या तोंडातून वा मागून धागा लोंबताना दिसला तर तो ओढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ओढल्याने आतडे कापले जाते. ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. यावर उपाय म्हणजे वाड्यावरील रीत. मांजराची जागा आधी ठरवून द्यावी. कामास आरंभ करण्यापूर्वी उरल्यासुरल्या जाड लोकरीची एक घट्ट जमलेली गादी करून ती मांजरास देऊन टाकावी. तिच्यावर त्याने नख्या मारल्या तरी सूत निघत नाही, कारण सूत नाहीच. नमदा हा मांजराच्या घरास घोंगडीपेक्षा अधिक मानवतो तो याचमुळे. मोकळी लोकर मात्र झाकणाच्या डब्यातच असावी.

कुत्र्याचे केस विंचरण्याची तारेची फणी लोकर विंचरण्यासही छान चालते. अनेक हौशी मंडळी तीच वापरतात. परंतु एकच फणी दोन्ही कामांस वापरणे हा शुद्ध आळस होय. कुत्र्याच्या केसांचाच नमदा होईल काय, असे पुष्कळजण विचारतात. थंड प्रदेशातील लोकरी कुत्र्यांचा आतला मऊ थर मेंढीच्या लोकरीत मिसळून जमतो. आपल्या गावठी कुत्र्याचे आखूड, ताठ केस त्यात टिकत नाहीत. आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्या बिचाऱ्यास लोकरीची गादीही देऊ नये. ओले पोते व शहाबादी फरशी हीच त्याची खरी सोय.

सुईने नमदा करण्याची दुसरी पद्धत अलीकडची आहे. कारखान्यांतील यंत्रांसाठी बनविलेली दाते पाडलेली सुई हातात घेऊन लोकरीत खुपसत राहावयाचे, म्हणजे दात्यांबरोबर तंतू आत ओढले जाऊन गोळा घट्ट होतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात हा हस्तव्यवसाय सुरू झाला व आता जगभर पसरला. पाणी नको, पसारा थोडा, केव्हाही थांबता येते. म्हणून संसारी माणसास तो आवडतो. परंतु ही सुई ठिसूळ असते, वाकविली की टोक मोडून लोकरीत राहते. चावण्याच्या वयाचे मूल वा पिल्लू घरात असेल तर हे टोक सापडेपर्यंत खेळणे कोणाच्या हाती देऊ नये. जवळ एक लोहचुंबक ठेवावा, सुया मोजून काढाव्या व मोजून ठेवाव्या. शिंप्याच्या दुकानात हा नियम निराळा सांगावा लागत नाही.

राहता राहिला कसरीचा उपद्रव. लोकर खाणारा पतंग स्वतः काही खात नाही. त्याची अळी खाते. लोकर, पीस, केस या सर्वांतील केरॅटिन नामक द्रव्य पचविण्याची शक्ती फार थोड्या जीवांस असते व ही अळी त्यांपैकी एक आहे. तीस अंधार, निवांतपणा आणि थोडा मळ हवा. पेटाऱ्याखाली साचलेले मांजराचे केस तिचे पहिले अन्न. तेथे वंश वाढला की ती वर चढून आसनात शिरते. म्हणून पाळीव प्राणी असलेल्या घरात नमदा सांभाळण्याचे खरे साधन केरसुणी आहे. ज्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली गाडगेमहाराजांचा जन्म झाला, तेथे तिचे माहात्म्य अधिक सांगणे नको. डांबराच्या गोळ्या टाळाव्या. त्या मांजरास विषारी आहेत, आणि लहान मूल ती गोळी खडीसाखर समजून तोंडात घालते. त्याहून सोपा उपाय वऱ्हाडच्या आकाशात फुकट आहे. सुमारे ५५ अंश उष्णतेत अळी व अंडी दोन्ही मरतात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. गच्चीवर उन्हात ठेवलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत उष्णता त्याहून पुष्कळ चढते. दुपारभर तेथे ठेवलेले आसन निर्धोक होते. रंगविलेले असेल तर ते फडक्यात गुंडाळावे.

इतक्या उष्ण मुलखात लोकरीची वस्तू हवीच कशास, हा आक्षेप राहतो. जुन्या घरांतून सोवळ्यास धाबळी व पूजेस लोकरीचे आसन होतेच. पण आजच्या घरास पटेल असा एक उपयोग निराळा आहे. पूर्वी सैनिकांच्या पाण्याच्या बाटल्यांस नमद्याचे आवरण असे. ते भिजवून ठेवले की वाऱ्याने ओल उडताना आतील पाणी थंड राही. मुलाच्या शाळेच्या धातूच्या बाटलीस असे आवरण जाड काळ्या लोकरीचे करावे. शिवण लागत नाही. बाटलीच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर लोकर सर्व बाजूंनी मांडून तेथेच जमवावी, मग ठोकळा काढून घ्यावा. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत ते लौकर वाळते, तेव्हा मधल्या सुटीत मुलाने नळाखाली धरून पुन्हा भिजविले पाहिजे.